टायमिंग बेल्ट सरकला : हेड खोलायच्या आधी व्हॉल्व्ह वाकलेत का, हे कसं ओळखायचं? (ठाणे)

वाघबीळकर | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि जरा घाईनं हवी आहे.

आज संध्याकाळी बाबांना घेऊन वसईहून परत येत होतो. गायमुखच्या चढाला नेहमीसारखी गाड्यांची रांग, दुसरा गिअर, वेग पंधरा-वीस. बॉनेटखालून फडफड ऐकू यायला लागली, ओलं कापड पंख्याला लागावं तशी. तेवढ्यात बॅटरीचा दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झालं. बाजूला घ्यायला जागा नव्हती, तसाच पुढे सरकत राहिलो. दोनेक मिनिटांत 'खट्' असा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. दोनदा सेल्फ मारला. सेल्फ फिरला, पण नेहमी जो अडखळत, दम लावत फिरतो तसा नाही. नुसता हलका गरगर.

गाडी २०१४ची, १.५ लिटर डिझेल, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, १,१८,००० किलोमीटर. टायमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप हे सगळं २०२१मध्ये ८२,०००ला बदललंय, बिल जपून ठेवलंय. टोचन करून जवळच्या एका गॅरेजला लावली. त्यांनी वरचं कव्हरसुद्धा न काढता सांगितलं, "टायमिंग गेलं, व्हॉल्व्ह गेले, हाफ इंजिन, म्हणजे पिस्टनपर्यंतची दुरुस्ती, करावी लागेल, ७५ हजार. उद्या दुपारपर्यंत कळवा."

खर्च करायची तयारी आहे, पण नक्की काय मोडलंय हे कळल्यावर. हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) न खोलता व्हॉल्व्हचं निदान होतं का?

रबाळ्याचा_लेथवाला | रविवार, सकाळी ७:०५

होतं. बरंचसं होतं. पण पहिली गोष्ट, आत्ता गॅरेजला फोन करून सांगा की माझ्या गाडीला सेल्फ मारायचा नाही आणि धक्का स्टार्टही करायची नाही. तुम्ही दोनदा मारलात ते झालं, आता तिसऱ्यांदा नको.

कारण सांगतो. क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा दांडा) दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक फेरा फिरतो, आणि हा हिशोब फक्त टायमिंग बेल्टच्या रबरी दात्यांवर टिकलेला असतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्यात आणि हेडमध्ये जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. व्हॉल्व्ह मात्र आठ-नऊ मिलिमीटर खाली उतरतो. कॅम मागे राहिला आणि पिस्टन वर आला तर दोघांची गाठ पडणारच. तुमचा सेल्फ हलका फिरला त्याचा अर्थ एक-दोन सिलिंडरमध्ये तरी हवा दाबलीच जात नाहीये. ती का जात नाहीये, याला दोन उत्तरं आहेत : टायमिंग चुकल्यामुळे व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडे राहतायत, किंवा वाकल्यामुळे बंदच होत नाहीयेत. नुसत्या सेल्फच्या आवाजावरून या दोन्हींतला फरक कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही.

दुसरं, तुमच्या लिहिण्यातली महत्त्वाची खूण म्हणजे आधी फडफड, मग बॅटरीचा दिवा आणि जड स्टिअरिंग. टायमिंग बेल्ट तुटला तर असं मिनिटभर आधी सांगून तुटत नाही. ही लक्षणं बाहेरच्या फॅन बेल्टची आहेत, जो अल्टरनेटर आणि स्टिअरिंगचा पंप फिरवतो. मला शंका आहे की तो फाटला आणि त्याचे दोरे क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरच्या आत ओढले गेले. वरचं कव्हर आणि पुली काढून फोटो टाका. हे तासा-दीड तासाचं काम आहे, त्यासाठी कुणी ७५ हजार ठरवायची गरज नाही.

कोपरीची_ताई | रविवार, सकाळी ८:३०

दादा म्हणतात ते कृपया ऐका. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा बेल्ट तुटला होता. मेकॅनिकनं नवा बेल्ट चढवला, गाडी चालू झाली, थोडी थरथरत होती. "सेटल होईल" म्हणाला. कंप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) कुणी बघितलंच नाही. तीन आठवड्यांनी ठाणे-बेलापूर रोडवर रबाळ्याच्या पुढे मोठा आवाज झाला. वाकलेल्या व्हॉल्व्हची तबकडी दांड्यापासून तुटून पिस्टनवर पडली, पिस्टनला भोक. जे काम आठ-दहा हजारात झालं असतं ते इंजिन बदलण्यावर गेलं. चालू झाली म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत आहेत असं नसतं.

वाघबीळकर | रविवार, दुपारी २:१५

लेथवाले दादा, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. मी स्वतः उभा राहून कव्हर काढायला लावलं.

टायमिंग बेल्ट तुटलेला नाही. दात शाबूत आहेत, फक्त कडेला घासल्याची चमक. पण खालच्या कव्हरमध्ये क्रँकच्या दातेरी चाकाभोवती काळे दोरे गुंडाळलेले आहेत, भिजलेल्या सुतळीचं भेंडोळं असावं तसे. मेकॅनिकनं पकडीनं ओढून काढले तर हातभर लांबीचे चार-पाच तुकडे निघाले. फॅन बेल्टची एक पूर्ण कड फाटून आत गेली होती. त्या गुंडाळ्यामुळे टायमिंग बेल्ट उचलला गेला आणि सरकला. क्रँकची खूण जागेवर आणली तर कॅमची खूण तीन दात मागे येते.

गॅरेजवाले आता म्हणतायत की हेड खोलूनच बघू. मी थांबवलंय.

एसटी_फिटर_निवृत्त | रविवार, दुपारी ४:५०

वाघबीळकर, थांबवलंत ते चांगलं केलंत. मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपला काढली. आमच्या मोठ्या इंजिनांना टायमिंगचे गिअर असायचे, हा बेल्टचा प्रकार मला निवृत्तीनंतर पुतण्याच्या गॅरेजमध्ये भेटला. पण व्हॉल्व्ह तोच आणि पिस्टनही तोच. आता हेड न खोलता काय करायचं ते क्रमानं सांगतो, मेकॅनिकला वाचून दाखवा.

आधी बेल्ट पूर्ण उतरवा. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं हळूहळू फिरवा आणि खूण टीडीसीपासून (पहिला पिस्टन अगदी वर असतो ती जागा) पाव फेरा अलीकडे आणा. चार सिलिंडरच्या इंजिनात या जागी चारही पिस्टन अर्ध्यावर असतात, एकही वर नसतो. फिरवताना कुठे अडलं तर जोर करायचा नाही, उलट दिशेनं यायचं. एकदा पिस्टन अर्ध्यावर आले की कॅम कितीही फिरवा, काहीही कशालाही लागणार नाही. पुढची सगळी तपासणी याच स्थितीत होते, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. बेल्ट चढवून सेल्फवर कंप्रेशन बघायला जातात आणि उरलेसुरले व्हॉल्व्ह वाकवून बसतात.

आता टॅपेट कव्हर काढा. तुमच्या वर्णनावरून इंजिनाला साधे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला तुकडा) असावेत, हायड्रॉलिक नाहीत. तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण मग फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बरंच कळतं. कॅम हातानं फिरवून एकेका व्हॉल्व्हचा कॅमचा उंचवटा वरच्या बाजूला आणा आणि टॅपेटमधली फट मोजा. व्हॉल्व्ह वाकला की तो सीटवर पूर्ण बसत नाही, खाली लोंबकळत राहतो. तो खाली राहिला म्हणजे त्याचं वरचं टोकही खाली, आणि म्हणून फट वाढलेली दिसते. मॅन्युअलमधल्या फटीपेक्षा एखादीच फट दुप्पट निघाली तर तो व्हॉल्व्ह वाकलाय असं धरा. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर तो आतून वाढून ही फट भरून काढतो, तिथे या मोजमापावर विसंबू नका.

कॅम तीन दात मागे राहिलाय, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा मिटणार. त्यामुळे मार बसलाच असेल तर एक्झॉस्टला बसला असेल, इनटेकला शक्यता कमी. आकडे आले की बघू माझं म्हणणं टिकतं का.

कळव्याचा_सुनील | रविवार, संध्याकाळी ६:२०

काका, एक शंका. साध्या कंप्रेशन गेजनं काम नाही होणार का? प्रत्येक गॅरेजमध्ये तो असतो.

एसटी_फिटर_निवृत्त | रविवार, संध्याकाळी ७:१०

पेट्रोल गाडीला बेल्ट नुसता सैल होऊन एखादा दात सरकला असेल, टायमिंग परत जुळवलं असेल आणि हातानं दोन पूर्ण फेरे न अडता फिरले असतील, तर कंप्रेशन गेज चालेल. सगळे प्लग काढायचे, बॅटरी भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १५० ते १९० पीएसआय दाखवतं, आणि चारांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. एखादा शून्याजवळ आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

डिझेलला पेट्रोलचा गेज लावू नका, तो फुटेल. इथे ३५०च्या वर दाब असतो. आणि कंप्रेशन गेज सेल्फशिवाय चालत नाही, सेल्फ तर आपल्याला मारायचाच नाही. म्हणून उलटं करायचं : इंजिननं हवा दाबायच्या ऐवजी बाहेरून कंप्रेसरची हवा आत सोडायची आणि ती कुठून पळते ते कान लावून ऐकायचं. याला लीकडाउन टेस्ट म्हणतात. हवा हीटर प्लगच्या (थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) भोकातून द्यायची. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील असा कॅम फिरवायचा, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, नाहीतर हवा पिस्टनला खाली ढकलते. दाब दोन-तीन बार पुरे.

सायलेन्सरच्या टोकाशी फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरच्या पाइपात आली तर इनटेक. ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा, त्यातली थोडी प्रत्येक इंजिनात येतेच. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इतकी स्वच्छ भाषा दुसरी कुठलीच टेस्ट बोलत नाही.

हीटर प्लग मात्र सांभाळून. दहा वर्षांत हललेले नसतील तर थंड इंजिनात जोर केल्यावर तुटतात आणि अर्धा तुकडा हेडमध्ये राहतो. आज रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवा, उद्या काढा.

ऐरोलीहून_महाप्याला | रविवार, रात्री ९:००

जरा विषयाला सोडून विचारते, पण काळजी वाटायला लागली. कुठल्या गाडीला बेल्ट आणि कुठल्या गाडीला चेन, हे कसं ओळखायचं? आणि माझं रोजचं येणं-जाणं फक्त १४ किलोमीटर आहे, मग मला चिंता कमी ना?

रबाळ्याचा_लेथवाला | रविवार, रात्री १०:२५

ताई, मॅन्युअलच्या सर्व्हिस शेड्यूलमध्ये 'टायमिंग बेल्ट' अशी ओळ असेल तर बेल्ट. साधारण अंदाज द्यायचा तर मारुतीच्या १.३ डीडीआयएस डिझेलला आणि के-सिरीज पेट्रोलला चेन, जुन्या सँट्रोला बेल्ट, इनोव्हाच्या २.५ डिझेलला बेल्ट. चेन असली तरी ती ताणते आणि सुरुवातीला खडखडते, तो आवाज दुर्लक्षायचा नाही.

किलोमीटर कमी म्हणून चिंता कमी, हे मात्र आपल्या भागात खरं नाही. हिशोब बघा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वेगात इंजिन १,८०० आरपीएमवर असेल तर एका किलोमीटरला क्रँक १,८०० फेरे घेतो. मानपाड्याच्या नाहीतर महाप्याच्या रांगेत ताशी ६ वेगात, १,००० आरपीएमवर सरकताना एका किलोमीटरला १०,००० फेरे होतात. बेल्टाला किलोमीटर माहीत नसतात, तो फेरे मोजतो, आणि त्यातून बॉनेटखालची उष्णता. म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे दिलेले असतात, जो आधी येईल तो धरायचा.

वाघबीळकर | सोमवार, संध्याकाळी ७:३५

आज सुट्टी घेऊन गॅरेजमध्येच होतो. तिथला एक तरुण मेकॅनिक खूप मन लावून करतोय, त्याला काकांचा क्रम वाचून दाखवला तर म्हणाला, "असं आम्हाला कुणी शिकवलंच नाही." त्याच्यासाठीही हे लिहितो.

मॅन्युअलप्रमाणे इनटेकची फट ०.१२५ ते ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टची ०.३२५ ते ०.४५ मिमी हवी. चारही इनटेक ०.१८ ते ०.२२च्या आत आले. एक्झॉस्ट असे : पहिला ०.९०, दुसरा १.०५, तिसरा ०.४८, चौथा ०.३८. एक मिलिमीटरची पट्टी दुसऱ्या टॅपेटखाली न अडकता सरकली तेव्हा पोटात गोळा आला.

काका, तुमचं एक्झॉस्टचं म्हणणं टिकलं.

मग हवा दिली. हीटर प्लग चारही सुखरूप निघाले. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेजचा काटा उचललाच नाही, सगळी हवा सायलेन्सरमधून. मी मागे वाकून हात धरला तर तळव्याला गार वारा लागत होता. चौथ्यात १२ टक्के गळती. तिसऱ्यात ३५ टक्के, आणि कान लावला की सायलेन्सरमधूनच बारीक फुसफुस. ज्याची फट मर्यादेच्या किंचित बाहेर होती तोही गेलाय, बरोबर ना? ऑइलच्या झाकणातून चारही सिलिंडरला सारखाच, अगदी मंद आवाज.

एसटी_फिटर_निवृत्त | सोमवार, रात्री ८:२०

बरोबर. तिसरा थोडा वाकलाय. नुसत्या फिलर गेजवर थांबला असतात तर ०.४८ला "टॅपेट जरा सैल आहे" म्हणून सोडून दिलं असतं, आणि ताईंच्या गाडीसारखी तबकडी काही महिन्यांनी खाली आली असती. म्हणून दोन्ही तपासण्या करायच्या.

आता हेड खोलायला हरकत नाही, कारण आता ते कशासाठी खोलतोय हे माहीत आहे. रिंगा चारही सारख्या बोलतायत, त्यामुळे हाफ इंजिनाला आत्तातरी काही आधार नाही. पिस्टन मोजल्यावर शेवटचं ठरवा.

रबाळ्याचा_लेथवाला | सोमवार, रात्री ९:४५

हेड निघालं की घाई न करता हे बघा.

पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण असेल तिथे व्हॉल्व्ह लागलाय. नुसती काजळी पुसली गेली असेल तर पिस्टन चालतो. नखाला खड्डा लागत असेल, कड उचलली असेल किंवा तडा असेल तर नाही. मग चारही पिस्टन एकेक करून पूर्ण वर आणा आणि ब्लॉकच्या पातळीच्या वर किती येतात ते डायल गेजनं मोजा. कनेक्टिंग रॉड वाकला असेल तर तो पिस्टन इतरांपेक्षा कमी वर येतो. हाफ इंजिन लागेल की नाही, याचं उत्तर या मोजमापात आहे. काही डिझेल इंजिनांना गॅस्केटची जाडीही याच आकड्यावरून निवडतात.

आठही व्हॉल्व्ह काढून जाड काचेवर दांडा टेकवून तबकडी कडेच्या बाहेर ठेवायची आणि बोटानं लोळवायचे. सरळ दांडा काचेला चिकटून फिरतो, वाकलेल्याखालून उजेड दिसतो. वाकलेला व्हॉल्व्ह ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. ज्या गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) वाकलेला व्हॉल्व्ह काढला तो गाइड नव्या व्हॉल्व्हनं हलवून बघा, ढिला वा तडकलेला असला तर बदला. हेडचा सरळपणा सरळ पट्टी आणि फिलर गेजच्या ०.०५ मिमीच्या पातीनं तपासा. काही डिझेल हेड प्लेन (मशीनवर घासून सपाट) करायला कंपनीची मनाई असते, त्यामुळे मॅन्युअल बघितल्याशिवाय मशीनवर चढवू देऊ नका. आणि हेडचे बोल्ट नवेच. जे अंशांत फिरवून ताणायचे असतात ते एकदा ताणले की संपले.

वाघबीळकर | पुढच्या आठवड्यात, रविवार, सकाळी १०:१०

उशिरा लिहितोय, माफ करा. गाडी काल हातात आली.

तीन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेले निघाले, नेमके तेच तीन. वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपमध्ये त्यांनी माझ्यासमोर काचेवर लोळवले. पहिले दोन डोळ्यांनाच दिसत होते. तिसरा हातात घेऊन मी शपथेवर सांगितलं असतं की सरळ आहे. काचेवर ठेवला तर मध्यभागी केसाएवढी फट, आणि लोळवताना तबकडी डोलत होती. पिस्टनवर तीन चंद्रकोरी, नखाला न लागणाऱ्या. चारही पिस्टनची उंची एकमेकांपासून ०.०२ मिमीच्या आत. म्हणजे हाफ इंजिनाची गरजच नव्हती.

चार नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घेतले. चौथा ठीक होता, पण त्यालाही मार बसला नसेल याची खात्री कोण देणार? दुसऱ्या सिलिंडरचा एक गाइड, सगळे स्टेम सील, हेड गॅस्केट, बोल्ट, टायमिंगचा पूर्ण सेट. व्हॉल्व्ह घासून बसवल्यावर हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवर रॉकेल ओतलं आणि चहा पिऊन आलो. पोर्टमध्ये थेंबही उतरला नव्हता. एकूण ४१ हजार. जोडल्यावर डिझेलच्या गेजनं मोजलेलं कंप्रेशन ३८०, ३७५, ३८५, ३८० पीएसआय.

फॅन बेल्ट का फाटला तेही सापडलं. त्याच्या टेन्शनरची पुली हातानं हलवली तर डगडगत होती, बेअरिंग गेलेलं. पुली तिरकी झाल्यानं बेल्टची एक कड रोज थोडी थोडी कापली जात होती. २०२१मध्ये टायमिंगचा सगळा सेट बदलला, पण बाहेरचा बेल्ट आणि ही पुली "चांगली दिसतेय" म्हणून तशीच ठेवली होती. ती मी स्वतः होकार देऊन ठेवली होती.

तरुण मेकॅनिकनं ते काळे दोरे पिशवीत घालून गॅरेजच्या भिंतीला टांगलेत.

कोपरीची_ताई | रविवार, दुपारी १२:३०

बाबांना सांगा, गाडी आली याचा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. काका, आम्ही आमचा फॅन बेल्ट घरच्या घरी कसा बघायचा?

एसटी_फिटर_निवृत्त | रविवार, दुपारी १:१५

सकाळी इंजिन थंड आणि बंद असताना, किल्ली काढून खिशात ठेवून, बेल्टवर टॉर्चचा उजेड धरा. बेल्टच्या खाचांच्या बाजूला आडव्या चिरा दिसतात का बघा, आणि मग दोन्ही कडांवरून बोट फिरवा. कड सरळ आणि गुळगुळीत लागली पाहिजे. पावसाळी सकाळी चालू करताना चिरचिर आवाज येत असेल तर पुलीपण हलवून बघायला सांगा, नुसता बेल्ट बदलून पुली तशीच ठेवली तर नवा बेल्टही तसाच कापला जाईल. आणि कडेला एक जरी दोरा सुटून लोंबताना दिसला, तर त्या दिवशी गाडी इमारतीखालून हलवू नका, मेकॅनिकला तिथे बोलवा.

ऐरोलीहून_महाप्याला | रविवार, संध्याकाळी ५:४०

आत्ताच खाली जाऊन बघून आले. पुलीकडच्या कडेला दोन दोरे सुटलेत, करंगळीएवढे. उद्या ऑफिसला ट्रेननं जाते. काका, येणाऱ्या मेकॅनिकला पुलीचं बेअरिंगही आणायला सांगू, की आधी नुसतं बघायला?

एसटी_फिटर_निवृत्त | रविवार, संध्याकाळी ५:५५

दोन्ही आणायला सांगा, बेल्ट आणि पुली. आणि जुना बेल्ट उतरवल्यावर कडेचे दोरे पूर्ण आहेत का, की एखादा कमी आहे, ते मोजायला लावा. कमी निघाला तर टायमिंगचं खालचं कव्हर उघडल्याशिवाय चालू करू देऊ नका.